तेरेखोल किल्ल्यात मुक्काम: माहिती, अनुभव आणि थोडी चर्चा

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी,

तेरेखोलच्या किल्ल्यात राहायला कसं आहे, असं इथे अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं आणि उत्तर दोन ओळींत आटपतं. यंदाच्या थंडीत आईबाबांना घेऊन तिथे राहून आले, म्हणून सविस्तर लिहिते. पुढे चर्चा झाली तर आनंदच आहे.

आधी जागा समजून घ्या, कारण या किल्ल्याची सगळी गंमत जागेतच आहे. तेरेखोल नदी मनोहरगडाच्या बाजूला उगम पावते, बांद्यावरून वाहत येते आणि आरोंद्याच्या पुढे समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात तिच्या दक्षिणेला गोव्याचा पेडणे तालुका आणि उत्तरेला आपला सिंधुदुर्ग. पण अगदी मुखाशी, उत्तर तीरावरच्या टेकाडावर, तेरेखोल हे छोटं गाव आणि त्याचा किल्ला एवढा तुकडा गोव्याचा आहे. गावातून मागे निघालात की रस्ता थेट रेडीत जातो, म्हणजे वेंगुर्ले तालुक्यात. समोर गोव्याकडे जायचं तर केरीची फेरीबोट.

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी हा किल्ला बांधला. नदीतून बांद्यापर्यंत चालणाऱ्या व्यापारावर आणि समुद्रावर एकाच ठिकाणाहून नजर ठेवता येते, ते तटावर उभं राहिलं की कोणालाही कळतं. नोव्हेंबर 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मैदा याने तो सावंतांकडून घेतला. त्याच मोहिमेत त्याने हळर्णचा (पोर्तुगीज उच्चारात आलोर्ना) किल्लाही जिंकला आणि त्यावरून त्याला आलोर्नाचा मार्क्विस हा किताब मिळाला. पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे गेला तो थेट 1788 मध्ये. म्हणजे मधली चाळीसेक वर्षं हे ठाणं मुख्य गोव्यापासून तुटलेलं, सावंतांच्या मुलखाला चिकटून होतं. हे वाचून गेल्यावर ती उंच, जाड भिंत वेगळीच दिसते.

आता मुक्कामाविषयी. किल्ला लहान आहे. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग डोक्यात ठेवून गेलात तर आत शिरल्यावर "एवढाच?" असं वाटेल. दरवाजातून आत गेलं की फरसबंद चौक, समोर सेंट अँथनीचं पांढरं चर्च, आणि चौकाभोवती तटाला लागून पिवळसर रंगाच्या इमारती. खोल्या सात आणि त्यांना आठवड्याच्या सात वारांची नावं. आम्हाला गुरुवार मिळाला. आईला ते फार आवडलं, तिचा उपासाचा वार.

खोलीत मोठी चैन शोधू नका. उंच छत, जाड भिंती, मोजकं लाकडी सामान, आणि खिडकी उघडली की पाणी. मला तेवढंच हवं होतं. जेवणात मासे ताजे. खाडीच्या तिसऱ्यांचं सुकं आईने दोन्ही वेळेला मागवलं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तट. दिवसभर लोक येतात, फोटो काढतात, जातात. संध्याकाळी शेवटची माणसं उतरली की तट मुक्कामी माणसांचाच. दक्षिणेला केरीची पुळण, तिच्यामागे सुरूचं बन, त्यापलीकडे हरमलच्या बाजूचे डोंगर. नदीच्या मुखात वाळूची पट्टी आहे, ओहोटीला तिच्यावर लाटा फुटताना दिसतात आणि होड्या नेमक्या कुठून आत शिरतात ते वरून स्पष्ट कळतं. बाबा तासन्‌तास तेच बघत बसले. बोटीवर नोकरी केलेला माणूस, त्यांना कोणतंही गाईडचं पुस्तक नको होतं.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

रेडीचो_माणूस

ताई, छान लिहिलंत. आमच्या घरापासून तेरेखोल हाकेच्या अंतरावर, म्हणून दोन गोष्टी भर घालतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी फेरीच्या भानगडीत पडूच नये. वेंगुर्ले, आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल असा सरळ रस्ता आहे. वाटेत आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड ठेवा आणि देवाच्या पायातले ते मोठे चामड्याचे जोडे बघा. शिरोड्याची मिठागरं लागतात. 1930 साली मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता. रेडीत द्विभुज गणपती आहे, 1976 मध्ये खाणीच्या भागात सापडलेली मूर्ती. आणि यशवंतगड चुकवू नका. तेरेखोल बघून यशवंतगड बघितला की फरक कळतो: एक वापरात राहिलेला, दुसरा वडाच्या मुळांनी धरून ठेवलेला. आलोर्नावाल्याने 1746 मध्ये तोही घेतला होता, पुढे तो सावंतांना परत मिळाला.

आणि एक सांगायचा रवला. तेरेखोलच्या फेस्ताक, म्हणजे चर्चच्या जत्रेक, आमी ल्हानपणापासून जातव. मे महिन्यात असता. एरवी चर्चचो दरवाजो बंद असता, पण फेस्ताक सगळो गाव आत. रेडीचे, आरोंद्याचे हिंदू पण मेणवाती घेवन जातत. त्या दिवशी थंय हाटेल आसा ह्या कोणाच्या ध्यानातसुद्धा येणा नाय.

पेडणेकरीण

फेरीविषयी: केरी–तेरेखोल फेरी पूर्ण ओहोटीला थांबते, पाणी कमी पडतं म्हणून. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा. थांबली असेल तर किरणपाणी–आरोंदा पुलावरून वळसा घालून रेडीमार्गे येता येतं, तास तरी जास्त धरा. पायी माणसाला फेरी फुकट. मोपाचा विमानतळ झाल्यापासून (जानेवारी 2023) इथे येणं फार सोपं झालंय. रेल्वेने पेडणे किंवा सावंतवाडी.

परतताना गोव्याची दारू गाडीत असेल तर परवाना लागतो. रस्त्यात कुठे पाटी दिसली नाही तरी तुम्ही राज्याची हद्द ओलांडत असता.

गडवाट_विनायक

माहिती उत्तम, पण मला एक मूलभूत प्रश्न पडतो आणि तो इथे मांडल्याशिवाय राहवत नाही.

किल्ला ही राहायची जागा आहे, हे मान्य. तो राहण्यासाठीच बांधला होता. पण ज्याच्याकडे एका रात्रीचे एवढे पैसे आहेत त्यालाच संध्याकाळनंतर तटावर जाता येतं, हे मला पटत नाही. 2019 च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात किल्ले भाड्याने देऊन हेरिटेज हॉटेलं करायची बातमी आली तेव्हा केवढा उद्रेक झाला होता आठवा. सरकारला खुलासा करावा लागला की शिवरायांशी संबंधित आणि संरक्षित किल्ले यात नाहीत, वर्गवारी नसलेल्या किल्ल्यांबद्दल हे धोरण आहे. तो राग माझाही होता आणि आजही आहे. आम्ही रविवारी पहाटे उठून टाक्यांमधला गाळ काढतो, तो कोणाच्या लग्नसमारंभासाठी नव्हे.

शिवाय तेरेखोलवरच 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने तिरंगा फडकावला होता. गोवा अजून सात वर्षं पोर्तुगीजांकडे राहणार होता. त्या सत्याग्रहींना अटक झाली, तुरुंग भोगावा लागला. त्या जागी आता संध्याकाळचं मद्य घेऊन बसायचं? मला जमणार नाही.

खाडीपलीकडे

विनायकदादा, तुमचा राग खोटा नाही, त्यामुळे तितक्याच गांभीर्याने उत्तर देते.

1954 ची गोष्ट मी आईबाबांना तटावरच सांगितली होती. नि:शस्त्र माणसं कुठून कशी आली असतील ते वरून दिसतं, आणि त्यांच्यापुढे काय होतं तेही. दिवसा पाच मिनिटांत फोटो काढून उतरले असते तर हे बोलणं झालंच नसतं. राहिल्यामुळे जागेला वेळ देता आला. जागेचा मान आपण तिथे कसे वागतो यावर आहे, तिथे पलंग आहे की नाही यावर नाही, असं मला वाटतं.

रात्री तटावर फक्त मुक्कामी माणसं, याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्यावर उपाय निघायला हवा.

चुनखडी

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते, मुख्यतः कोकणात. भावनेच्या बाजूवर नंतर बोलू, आधी दगडाची बाजू सांगते, कारण हॉटेल चांगलं की वाईट हे शेवटी भिंतीला विचारायचं असतं.

आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक किल्ले जांभ्याचे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते बाहेर टाकतो. जुन्या लोकांनी त्याला चुन्याचा गिलावा दिला, कारण चुन्यातून ही ये-जा चालू राहते. सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते. समुद्राकाठी त्या ओलीत मीठ असतं. पाणी सुकताना मिठाचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि पृष्ठभाग आतून पोखरून काढतात. बाहेरून गिलावा गुळगुळीत, आत भिंतीचा भुगा. हे मी हॉटेलांतही बघितलं आहे आणि सरकारी "दुरुस्ती" झालेल्या रिकाम्या बुरुजांतही.

किल्ल्यात हॉटेल केलं की यात तीन गोष्टींची भर पडते: न्हाणीघरांच्या नळ्या, सांडपाणी आणि वातानुकूलन. तटाच्या भिंतीत दोन बाजूंना बांधीव दगड आणि मधे भर असते. त्या भरावात एखादी नळी गळू लागली तर वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही आणि एका पावसाळ्यात भिंत पोट काढते. म्हणून खोल्या कमी असणं ही सगळ्यात मोठी गोष्ट. सात खोल्यांची जागा सांभाळता येते. तिथेच सत्तर खोल्या घुसवायच्या म्हटल्या तर किल्ला गेलाच म्हणून समजा.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. रोज माणसांचा वावर असलेल्या इमारतीत गळती पहिल्या दिवशी दिसते. वडाचं रोप बोटभर असतानाच उपटलं जातं. रेडीच्या यशवंतगडाचा वर उल्लेख आला. त्या मुळांनी भिंत धरून ठेवल्यासारखी दिसते, पण तीच मुळं तिला फोडतही असतात. ती आज कापून काढली तर भिंत कोसळेल आणि ठेवली तर उद्या कोसळेल. रिकामेपण हाही एक वापरच आहे, आणि त्याची किंमत दगड मोजतो.

लिस्बनहून_मीनल

इथे पोर्तुगालमध्ये राहते, म्हणून या बाजूचा एक दाखला देते.

पोर्तुगालने किल्ले, मठ, राजवाडे यांत "पौझादा" नावाची हॉटेलं चालवायची पद्धत फार आधीपासून पाडली. पहिली 1942 मध्ये एल्वशला निघाली. ओबिदुशच्या किल्ल्यात 1950 च्या सुमारास झाली, ती ऐतिहासिक वास्तूतली पहिली. सुरुवातीची कित्येक दशकं ही सगळी सरकारच्या मालकीची होती.

तेरेखोलशी सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र सेतूबालचं. शहराच्या वर, सादू नदीच्या मुखावर साऊं फिलिपचा किल्ला आहे, 1582 पासून बांधायला घेतलेला. तिथेही नदीचं मुख, उंच टेकाड, आत छोटं चर्च. त्या चर्चच्या भिंती निळ्यापांढऱ्या अझुलेजू फरशांनी मढवलेल्या आहेत, 1736 सालच्या. पुष्कळ वर्षं त्या किल्ल्यात पौझादा होती. पुढे टेकडीचा उतार ढासळायची भीती निर्माण झाली आणि ती बंद करावी लागली. हॉटेल आत असो वा नसो, समुद्राकाठच्या टेकडीची काळजी कोणाला तरी घ्यावीच लागते. ते काम एका हॉटेलचालकाच्या आवाक्यातलं नाही. चुनखडीताई बरोबर सांगतायत, भिंतीच्या पलीकडे जमीनही बघावी लागते.

विनायकदादांसाठी एक: इथल्या बऱ्याच ठिकाणी चौक, गढीची भिंत, चर्च सगळ्यांना खुलं असतं, फक्त खोल्या पाहुण्यांच्या. ओबिदुशच्या तटावर कोणीही चढतं.

बांदेकर_काका

मुलांनो, वाचतोय सगळं. मला साठच्या दशकापासूनचं तेरेखोल माहीत आहे. गोवा मुक्त झाल्यानंतर किल्ला बरीच वर्षं ओस होता. आत गुरं शिरत. मग पर्यटन खात्याचं विश्रामगृह झालं. चहा मिळायचा, खोली स्वस्त होती, पण भिंतींना ओल आणि खाटा गंजलेल्या. पुढे आजचं रूप आलं. ओस असताना त्याला कोणी "आपला वारसा" म्हटलेलं मी ऐकलं नाही. गावकऱ्यांनी चर्च सांभाळलं, म्हणून किल्ला राहिला. हे माझं मत नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे.

गावाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही, म्हणून लिहितो. तेरेखोल गावातली बहुतेक कुटुंबं कुळं आणि मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहिलेली. पिढ्यान्‌पिढ्या काजू, भात, मासे यावर जगलेली. दहाएक वर्षांपूर्वी तिथल्या जमिनीवर गोल्फ कोर्स आणि मोठं रिसॉर्ट आणायचा घाट घातला गेला. गावाने रस्त्यावर उतरून विरोध केला, कोर्टात गेले. केरीहून तेरेखोलला येणाऱ्या पुलाचं कामही वादात अडकलं. नदीत अर्धवट खांब दिसतील, ते त्याचेच. किल्ल्यातल्या सात खोल्यांविरुद्ध गाव कधी उठलं नाही. डोंगर सपाट करायला निघाले तेव्हा उठलं. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालू नका एवढंच माझं सांगणं.

पेडणेकरीण

काका, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. आमच्या बाजूची मुलं ते सगळं फक्त बातम्यांत वाचतात.

गडवाट_विनायक

काका, चुनखडीताई, मीनलताई, तिघांचंही मन लावून वाचलं.

काका, ओस असताना कोणी आपला म्हटलं नाही, हे लागलं. खरं आहे. आम्ही डोंगरातल्या किल्ल्यांवर जातो, खाडीकाठच्या लहान ठाण्यांकडे वळतच नाही.

तरी माझी भूमिका पूर्ण बदललेली नाही. तेरेखोलमध्ये ते निभावलं, कारण किल्ला लहान आहे, चर्च जिवंत आहे आणि गाव जागं आहे. यातली एकही गोष्ट आपल्याकडच्या एखाद्या ओसाड जलदुर्गाला लागू होईलच असं नाही. धोरण म्हणून सरसकट मान्यता दिली की सत्तर खोल्यावाला आधी येणार. त्यामुळे करार करताना अटी काय, हे लोकांसमोर आलं पाहिजे. मला ज्या सुचतात त्या अशा: तट, दरवाजा आणि देवस्थान सूर्योदयापासून रात्रीपर्यंत कोणालाही मोकळं, तिकिटाशिवाय. नवीन बांधकाम तटाच्या आत शून्य. दुरुस्ती चुन्यातच आणि तीही जाणकाराच्या देखरेखीखाली. काम गावातल्या माणसांना. आणि किल्ल्याचा इतिहास, सावंतांपासून 1954 पर्यंत, दारात मराठीत आणि कोकणीत लिहिलेला. एवढं होणार असेल तर मी विरोध करणार नाही.

चुनखडी

दादा, यात एक घाला: दरवर्षी पावसाळ्यानंतर भिंतींची तपासणी आणि तिचा अहवाल जाहीर. बाकी सगळ्याला माझं अनुमोदन.

रेडीचो_माणूस

आणि फेस्ताच्या दिवशी खोल्या भाड्यान देवचे नाय. तो दिवस गावाचो.

खाडीपलीकडे

हे दोन्ही मुद्दे मला मनापासून पटले. विनायकदादा, तुमच्या यादीतल्या इतिहासाच्या फलकाचं काम आपण मंडळींनी मिळून करता येईल का? मजकूर मी लिहायला तयार आहे, काकांच्या आठवणी टिपून घ्यायच्या आहेत, आणि मुक्तिलढ्याचे कागद बघून तपासून घ्यायला वेळ देईन. परवानगीसाठी कोणाकडे जायचं हे गोव्यातल्या कोणी सांगितलं तर पुढचं पाऊल टाकू.

पेडणेकरीण

परवानगीची चौकशी मी करते, पणजीला जाणं होतंच. गावच्या पंचायतीशी आणि चर्चच्या लोकांशी आधी बोलूया, त्यांना विचारल्याशिवाय काही लावायचं नाही.

नवीन_सभासद_अदिती

सगळी चर्चा वाचली, खूप शिकायला मिळालं. एक साधा प्रश्न: जुलैमध्ये जावं का? सोबत पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात.

खाडीपलीकडे

अदिती, जुलैत समुद्र बघण्यासारखा असतो, पण वारा फार आणि तटावरचा दगड शेवाळलेला, निसरडा. मुलाला तटावर हात धरूनच न्या, काही ठिकाणी कठडा त्याच्या उंचीला पुरेसा नाही. सासूबाईंना चौकापर्यंत अडचण येणार नाही, पायऱ्या मात्र आहेत. खोली ठरवताना फोनवरच खालच्या मजल्यावरची, कमी पायऱ्यांची मागून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमत असेल तर तेव्हाच जा. आणि पावसाळ्यातच जायचं असेल तर फेरीवर अवलंबून राहू नका, शिरोड्याच्या बाजूने या.

रेडीचो_माणूस

शिरोड्याहून येताना वाटेत काही लागलं तर इथे लिहा. रेडीत आमचं घर रस्त्यालाच आहे, चहा घेऊन पुढे जा.